वन किस टनेल आणि बरंच काही: जोडीनं माथेरान

नेरळहून माथेरानला चढणाऱ्या 21 किलोमीटरच्या रुळांवर बोगदा एकच आहे. अंधार पडतो न पडतो तोच पलीकडचा उजेड डब्यात येतो. तेवढ्यात जेमतेम एक पापा उरकतो, म्हणून त्याचं नाव पडलं ‘वन किस टनेल’. नवरा-बायकोनं माथेरानला जायचं ठरवलं असेल तर पहिली सूचना हीच: जुम्मापट्टी स्टेशन मागे पडलं की मोबाइल खिशात टाका आणि तयारीत राहा.

जोडप्यांसाठी सह्याद्रीत जागांना तोटा नाही. लोणावळा आहे, महाबळेश्वर आहे, भंडारदरा आहे. तरी दोन दिवसांच्या सुट्टीसाठी मी माथेरानचंच नाव घेईन. कारण साधं आहे. तिथं तुमची गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते आणि पुढे पाय सुरू होतात. एरवीच्या सहलीत एक जण गाडी चालवतो, दुसरा नकाशा बघतो आणि बोलणं होतं ते ‘डावीकडे घे’, ‘टोल आला’ एवढंच. माथेरानात दोघांना शेजारी शेजारी चालावं लागतं, तेही तासन् तास. घरी महिनोन् महिने राहून गेलेले विषय तिथं दुसऱ्याच वळणावर निघतात. आणि विषय संपलेच, तर पुढच्या गमती हाताशी असू द्या.

दोन फुटांचे रूळ

मुंबईची लोकल 1676 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावते. नेरळला फलाट बदलून जी गाडी पकडायची, तिचे रूळ आहेत 610 मिलिमीटर, म्हणजे अवघे दोन फूट. डबा त्याच मापाचा, त्यामुळे समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना भिडतात. रुसून बसलेल्यांनाही लांब सरकायला जागा नाही, आणि हे मी या गाडीचं मोठं वैशिष्ट्य मानतो.

नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटरवर आहे, माथेरान साधारण 800 मीटरवर. ही उंची गाठायला गाडी दोनशेहून जास्त वळणं घेते. चढ इतका कडक की काही ठिकाणी 20 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वेळ दोन तासांपेक्षा जास्तच लागतो. घाई असलेल्यांनी खुशाल टॅक्सी करावी. पण एकमेकांशेजारी दोन तास, समोर दरी आणि नेटवर्क मधूनमधून गायब, हे घरबसल्या मिळत नाही.

ही गाडी सरकारनं सुरू केलेली नाही, हे फार जणांना माहीत नसतं. मुंबईतल्या पीरभॉय कुटुंबाची ती हौस. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेलं. 1904 मध्ये बांधकाम सुरू झालं, 1907 च्या मार्चमध्ये गाडी धावली आणि खर्च आला त्या काळचे 16 लाख रुपये. आखणीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचा हात होता. तुमच्यापैकी कुणाचं माहेर किंवा सासर बार्शीकडचं असेल, तर हा माणूस तुमच्या ओळखीचा निघेल: बार्शी लाइट रेल्वे त्याचीच. पुढे त्यानं वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट तयार केलं. जुनी वाफेची इंजिनं जर्मनीहून आली होती आणि वळणावर चाकांचे आस थोडे बाजूला सरकतील अशी त्यांची रचना होती. नाहीतर एवढ्या आवळलेल्या वळणांवर ती टिकलीच नसती. ‘वॉटर पाइप’ नावाचं स्टेशन लागलं की ओळखा, वाफेची इंजिनं इथं पाणी भरत.

डोंगराशी या रुळांचं भांडण मात्र जुनं आहे. 26 जुलै 2005 च्या पावसात रूळ वाहून गेले, गाडी परत सुरू व्हायला 2007 उजाडलं. 2019 च्या पावसात पुन्हा तेच, आणि नेरळहून पूर्ण फेरी सुरू झाली ती 2022 च्या ऑक्टोबरमध्ये. पावसाळ्यात खालची गाडी बंदच असते, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढी छोटी फेरी चालते. जुलैमध्ये धुक्यात भिजायला जाणाऱ्यांनो, बोगद्याचा बेत दिवाळीनंतर.

पहिलं घर ‘बाइक’!

1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून वर आले आणि जागेच्या प्रेमात पडले. त्यांनी इथं बांधलेल्या पहिल्या घराचं नाव ‘द बाइक’. जिथं आज मोटरसायकल वर नेता येत नाही, तिथलं पहिलं घर बाइक! ही गंमत दस्तुरी नाक्यावर आपली दुचाकी लावताना जोडीदाराला जरूर सांगा. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या जागेत लक्ष घातलं आणि मुंबईकर साहेबांची उन्हाळ्यातली वर्दळ वाढली. लुइझा पॉइंट, शार्लट लेक ही नावं त्याच काळातली.

2003 मध्ये केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर धुराची गाडी वर नाही. घोडे आहेत, सामानासाठी हमाल आहेत, दस्तुरी ते बाजारपेठ थोड्या ई-रिक्षा आहेत. हातानं ओढायच्या रिक्षांची गोष्ट मात्र वेगळी: 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. चढावर धापा टाकत दोन माणसांना ओढणारा माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा निकाल किती उशिरा आला ते कळेल. त्या रिक्षावाल्यांच्या हाती ई-रिक्षाच पडल्या पाहिजेत, दुसऱ्या कुणाच्या नव्हे. घोडा करणार असाल तर कुठले पॉइंट आणि किती पैसे हे बसण्याआधी ठरवून घ्या.

लाल बूट

माथेरानहून आलेला माणूस बुटांवरून ओळखता येतो. तिथली लाल माती जांभ्याची. खाली सगळा काळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्हाचा. वरचा थर लाखो वर्षांच्या पावसात कुजला, बरंचसं वाहून गेलं आणि लोह मागे राहिलं. त्या लोहाचा गंज म्हणजे तुमच्या बुटांवरचा रंग. पांढरे स्नीकर आणि पांढरी सलवार घरीच ठेवा. बाजारात चामड्याच्या चपला छान मिळतात, दोघांनी एकेक जोड घ्यावा.

आणि हवा? उंची हजार मीटरनं वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. नेरळ ते माथेरान हा हिशेब पाच अंशांचा होतो. वर झाडी दाट, त्यामुळे सावलीत त्याहून गार वाटतं. एक शाल दोघांत पुरते.

हाक मारा, अंतर मोजा

इको पॉइंटवर प्रत्येक जोडपं एकमेकांच्या नावानं ओरडतं. एरवी घरात ‘अहो’ आणि ‘अगं’वर भागवणारेसुद्धा इथं पूर्ण नाव घेतात. ओरडल्यावर दुसऱ्यानं घड्याळ लावायचं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. त्याला कड्यापर्यंत जाऊन परत यायचं असतं. म्हणजे हाक बरोबर दोन सेकंदांनी परत आली, तर समोरचा कडा 340 मीटरवर. एक सेकंद लागला तर 170 मीटर. सकाळी लवकर जा, गर्दी नसताना. दहा जोडपी एकदम ओरडू लागली की कुणाची हाक कुणाला आली ते दरीलाही कळत नाही.

सूर्योदय पॅनोरामा पॉइंटवरून, सूर्यास्त पॉर्क्युपाइन किंवा लुइझावरून. पॅनोरामा बाजारापासून लांब आहे, अंधारातच टॉर्च घेऊन निघायचं. लुइझावरून समोर प्रबळगड दिसतो. हनिमून पॉइंटही आहे, पण त्यासाठी लग्न नवंच हवं असं काही नाही.

वर बघून चाला

पायवाटेवर नजर सारखी खाली नको. फांद्यांमध्ये खडखडाट झाला आणि पानं हलली, तर थांबा: ते शेकरू असण्याची शक्यता आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेपटीसकट जवळपास तीन फूट, अंगावर तांबूस-तपकिरी रंग, पोट फिकट, आणि शेपूट झुबकेदार. एका झेपेत वीसेक फूट सहज पार करतं आणि जमिनीवर क्वचितच उतरतं. त्याची खरी खुबी घरट्यांत आहे. झाडाच्या शेंड्याकडे काटक्या आणि पानांचे गोल, फुटबॉलहून मोठे गोळे दिसतात ती शेकरूची घरटी. एकच शेकरू अशी बरीच बांधतं आणि आलटूनपालटून वापरतं. तुम्ही एका फ्लॅटच्या हप्त्याबद्दल बोलत चालला असाल, तर विषय बदलायला ही उत्तम जागा.

माकडांशी मैत्री नको. हातातली पिशवी, चष्मा, मक्याचं कणीस, सगळ्यावर त्यांचा डोळा असतो. त्यांना खायला घालणं हे त्यांच्याही वाईटाचंच आहे.

डोंगरउतारावर कारवी माजलेली दिसेल. ती सात-आठ वर्षं नुसती वाढते आणि एका पावसाळ्याअखेर सगळी मिळून एकदम जांभळी फुलते, बी धरते आणि मरते. ज्या वर्षी ती फुलेल त्या वर्षी इतर सगळे बेत रद्द करून जा.

या मातीतला वकील

पॉइंट बघून झाल्यावर एक जागा आवर्जून बघा, हुतात्मा भाई कोतवालांचं स्मारक. बहुतेक पर्यटक त्याच्यासमोरून चिक्की खात निघून जातात आणि मला ते खुपतं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानातच जन्मले, नाभिक समाजातल्या गरीब घरात. शिकून वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि सावकारीत अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. 1942 च्या आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायचे, सरकारची कोंडी करायची, हे त्या दस्त्याचं काम. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे मुरबाडजवळ सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. त्या चकमकीत भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई तेव्हा 30 वर्षांचे होते. ज्या वाटांवर आपण हातात हात घालून फिरतो, त्या वाटा हा माणूस लहानपणापासून तुडवत होता. दहा मिनिटं तिथं थांबा, एवढंच मागणं.

कोंबडा की कोंबडी?

मे महिन्यात गेलात तर वाटेवर ठाकर, कातकरी बाया पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या असतात. ‘डोंगरची काळी मैना’ म्हणतात ती हीच. घासाघीस न करता दोन द्रोण घ्या. त्यासाठी त्या पहाटे काट्यांच्या जाळ्यांत हात घालून आलेल्या असतात. पिकलेलं करवंद काळंभोर असतं, देठाशी पांढरा चीक, तो बोटांना चिकटतो आणि ओठांनाही. आता खेळ. एकानं करवंद हातात धरायचं आणि विचारायचं, कोंबडा की कोंबडी? दुसऱ्यानं सांगायचं आणि मग अर्धं चावून दाखवायचं. आत लालभडक निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. कोकणात आणि मावळात प्रत्येकानं लहानपणी हा खेळ खेळलाय, पण नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर किती जण खेळलेत? द्रोण संपेपर्यंत गुण मोजा. हरेल त्यानं दोघांच्या बॅगा दस्तुरी नाक्यापर्यंत उचलायच्या.