पैनगंगेच्या दोन तीरांवरचे तिकीट

आदिलाबादच्या मराठी घरांना पैनगंगा ही परकी सीमा कधी वाटली नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. सोयरिकी मात्र होत्या तेथेच राहिल्या. लेकीला माहेरी आणणे असो वा माहूरला रेणुकेचे दर्शन असो, सीमा ओलांडणे आलेच. म्हणून मोटार आणि आगगाडी यांचे कायदे हा आम्हां सीमेवरच्या माणसांना घरचाच विषय वाटतो.

निजामाच्या राज्यात रूळ आणि रस्ता यांची स्पर्धा आरंभीच टाळलेली होती. १९३२ साली २७ मोटारी घेऊन सरकारी रेल्वेनेच मोटारसेवा सुरू केली. दोन्हींचा धनी एकच असल्याने एकमेकांचे उतारू पळविण्याचे कारणच उरले नाही. आज चित्र निराळे आहे. हैदराबादचा रस्ता निर्मलवरून सरळ जातो, तर लोहमार्ग किनवट, मुदखेड, निजामाबाद असा वळसा घेतो. रेल्वे स्वस्त खरी. परंतु घाई असलेला माणूस मोटारीकडेच वळतो.

या रस्त्यावर महामंडळाची गाठ खाजगी गाड्यांशी पडते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे कंत्राटी परवान्याच्या गाडीने वाटेत उतारू चढवू-उतरवू नयेत. प्रत्यक्षात एकेका आसनाची तिकिटे सर्रास विकली जातात. अशी गाडी भरभराटीचा मार्ग निवडू शकते. आडगावी जाण्याचे बंधन तिच्यावर नाही. महामंडळाला मात्र लांबच्या फेरीच्या मिळकतीतूनच आडवाटेच्या रिकाम्या फेरीचा तोटा भरून काढावा लागतो. ती मिळकत आटली, तर पहिली कुऱ्हाड खेड्यातल्या मुक्कामी गाडीवर पडते.

त्यात सवलतींची सीमारेषा आहेच. महाराष्ट्राने मार्च २०२३ मध्ये एस.टी.त स्त्रियांना अर्धे भाडे केले. तेलंगणाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या रहिवासी स्त्रियांना साध्या व एक्स्प्रेस गाड्यांत प्रवास मोफत केला. दोन्ही सवलती आपापल्या हद्दीपुरत्याच. हद्दीपलीकडे कोणाच्या किती फेऱ्या जाव्यात, हे दोन राज्यांच्या करारावर ठरते. कराराचा कागद रुक्ष असेल. पण माहेरच्या वाटेवर गाडी आहे की नाही, हे तोच सांगतो.

स्पर्धा आम्हांला नको आहे असे नाही. पण जू दोन्ही बैलांच्या मानेवर सारखे हवे. जो लाभाचा रस्ता घेईल, त्याने आडवाटेचाही थोडा भार उचलावा, एवढेच आमचे मागणे.