जळकोटच्या मुलांसाठीं कोणतें पुस्तक न्यावें?

लातूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, नांदेडच्या मुखेड-कंधार भागाला लागून, जळकोट हें तालुक्याचें गांव आहे. तेथील पुष्कळ कुटुंबें शिक्षणाच्या व नोकरीच्या निमित्तानें लातूर, पुणें, मुंबई येथें येऊन राहिलीं आहेत. दिवाळींत किंवा उन्हाळ्याच्या सुटींत गांवीं जातांना भावाबहिणींच्या मुलांसाठीं कांहीं तरी न्यावें, असें त्यांच्या मनांत येतें. कपडे घेतले जातात, खाऊ घेतला जातो, आणि क्वचित् पुस्तकही घेतलें जातें. तें बहुधा बसस्थानकावर घाईनें उचललेलें असतें : एखाद्या थोर पुरुषाचें कोरडें चरित्र, सुविचारांचा संग्रह, नाहीं तर भडक चित्रांचें इंग्रजी पुस्तक. मूल तें दोन दिवस चाळतें आणि मग तें फडताळांत जाऊन पडतें. “आमच्या पोराला वाचनाची आवडच नाहीं,” असा निकाल त्यानंतर लागतो. या निकालांत मुलावर बहुतेक वेळां अन्याय होतो. दोष निवडीचा असतो.

अक्षरओळख झाली म्हणजे वाचतां येऊं लागलें, असा घरोघर समज आहे. तो खरा नव्हे. पहिल्या दोन-तीन इयत्तांत मुलाची सारी शक्ति अक्षरें जोडण्यांतच खर्च होते. ओळीच्या शेवटाशीं पोंचेपर्यंत तिचा आरंभ तें विसरलेलें असतें. ही धडपड संपावयास पुष्कळ, सोपें व मनाजोगतें वाचन हवें, आणि तें एकट्या पाठ्यपुस्तकानें होत नाहीं. त्याचीं पानें तीं किती! ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ नांवाच्या पाहणींत पांचवीच्या मुलांना दुसरीच्या तोडीचा साधा उतारा वाचावयास देतात. ग्रामीण भागांतील कितीएक मुलें तेथें अडखळतात, असें ती पाहणी सतत दाखवीत आली आहे. हें अडखळणें तसेंच राहिलें, तर पुढें गणिताचें उदाहरण काय विचारतें हेंही मुलाला कळत नाहीं, आणि इतिहास-विज्ञान तर दूरच राहतात. म्हणून आठ ते तेरा या वयांत कोणतें पुस्तक हातीं पडतें, हा हौसेचा प्रश्न राहत नाहीं.

मराठींत मुलांचीं पुस्तकें नाहींत, ही तक्रार जुनी आहे आणि निराधारही आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचीं ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ हीं पुस्तकें १८२८ सालीं निघालीं. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ मध्यें ‘बालबोध’ मासिक सुरू केलें. वासुदेव गोविंद आपटे यांचें ‘आनंद’ १९०६ मध्यें निघालें. परंतु हा सारा झरा मुंबई-पुण्याकडचा. जळकोटचा मुलूख त्या काळीं निजामाच्या राज्यांत होता. वरच्या इयत्तांचें शिक्षण तेथें उर्दूंतून चाले, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच होतें. निलंग्यास १९१० सालीं जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखे पंडित याच व्यवस्थेंतून पुढें आले, हें खरें. पण पगडी कांहीं गांवोगांव निपजत नाहींत. सामान्य घरांत पोथी होती, मुलांचें मराठी पुस्तक नव्हतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानचा प्रश्न मिटला, तेव्हां आजच्या आजोबांचे आईबाप असेच पुस्तकावांचून वाढलेले होते. मुलाला जवळ घेऊन वाचून दाखविण्याची चाल कित्येक घरांत आढळत नाहीं, तिचें मूळ आळसांत शोधूं नये.

याहून मोठी अडचण भाषेची आहे. जळकोटचें मूल “काय करूलालास?” असें विचारतें, पुस्तकांतलें मूल “काय करतो आहेस?” असें विचारतें. तांड्यावरच्या मुलाच्या घरीं बंजारा बोली असते, कांहीं घरांत दखनी उर्दू. अशा मुलाला छापील मराठी ही अर्धी परकीच वाटते, आणि तें गप्प बसतें. त्यांतून पुस्तकांतली सृष्टि बहुधा कोंकणची किंवा शहरांतली. ‘श्यामची आई’ हें पुस्तक प्रत्येक सुशिक्षित घर प्रथम सुचवितें. साने गुरुजींनीं तें नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलें आणि १९३५ मध्यें तें प्रसिद्ध झालें. त्याची थोरवी निर्विवाद आहे. पण ज्वारी-तुरीच्या रानांत वाढलेल्या आठ वर्षांच्या मुलाला एकट्यानें तें वाचावयास देणें म्हणजे त्या पुस्तकाचेंच नुकसान करणें होय. पालगडचीं घरें, तेथील रीतभात, व्रतें, सणवार हें सारें कोणी तरी शेजारीं बसून उलगडावें लागतें. पुस्तकांतील श्यामही आपल्या सोबत्यांना रोज एका रात्रीं एक आठवण सांगतो. तसेंच तें अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मोठ्यानें वाचून दाखवावें. रडूं आलें तर येऊं द्यावें. त्याआधीं मात्र मुलाला पोटभर हसविणारीं पुस्तकें मिळालेलीं असावींत.

सात ते नऊ वर्षांच्या मुलांसाठीं माधुरी पुरंदरे यांचीं सचित्र पुस्तकें निःशंक घ्यावींत. त्यांत उपदेश नाहीं. घर, शेजार, रुसवे, भीति हें सारें आहे, आणि चित्र शब्दाइतकेंच बोलतें. विंदा करंदीकरांचीं ‘राणीची बाग’ (१९६१) व ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) हीं पुस्तकें तर अडखळणाऱ्या मुलाला औषधासारखीं आहेत; यमकाच्या ओढीनें पुढचा शब्द जिभेवर आपोआप येतो, आणि बोली कोणतीही असो, गंमत अडत नाहीं. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयांतील पातळ पुस्तकें खिशाला परवडणारीं असतात.

नऊ-दहा वर्षांपुढें मुलाला पराक्रम हवा असतो. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ ‘फास्टर फेणे’, दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ हे तिघे येथें खरे सोबती. बोक्याला २०११ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, पण मुलांना त्याच्याशीं कर्तव्य नाहीं. त्यांना त्याची खोडी आवडते. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. हे नायक मुलगे आहेत. घरांत वाचणारी मुलगी असेल तर ताम्हनकरांचीच ‘चिंगी’ द्यावी, आणि थोडी मोठी झाल्यावर ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंच्या या आठवणींचा चेतना सरदेशमुख-गोसावी यांनीं केलेला अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनें काढला आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी ती शाळा जळकोटच्या मुलीला पुण्याच्या वाड्यापेक्षां परकी वाटेल असें समजण्याचें कारण नाहीं. तें पुस्तक शिक्षकांनींही वाचण्यासारखें आहे, पण तो वेगळा विषय.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठीं ‘वाचूं आनंदें’चा कुमार गट घ्यावा. माधुरी पुरंदरे यांनीं त्यांत मराठींतील निवडक उतारे आणि भारतीय चित्रकलेचे नमुने एकत्र आणले आहेत, त्यामुळें पुढें कोणता लेखक मागावा हें मुलाचें मुलालाच कळतें. जळकोटला जवळचें असें आणखी एक नांव आहे. एप्रिल २०२२ मध्यें शेजारच्या उदगीरला ९५ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, त्याचे अध्यक्ष भारत सासणे होते. त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या पुस्तकाला २०२४ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. उदगीरच्या मांडवांत जो पाहुणा म्हणून बोलून गेला त्याचें भुताचें पुस्तक वाचावयास कोणतें मूल नाहीं म्हणेल? आणि तेराव्या वर्षीं आपल्याच मातीची भाषा छापलेली पाहण्याचा हक्क मुलाला आहे. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही टोमॅटोच्या पडलेल्या भावाची कथा, किंवा परभणीच्या इंद्रजित भालेराव यांच्या ‘पीकपाणी’तील कविता त्यानें वाचल्या, म्हणजे आपल्या बोलण्याची त्याला वाटणारी लाज निघून जाते. हीं पुस्तकें मुलांसाठीं म्हणून लिहिलेलीं नाहींत, तरी हरकत नसावी.

पुस्तक घेण्यापूर्वीं त्यांतलें कोणतेंही एक पान मोठ्यानें वाचून पाहावें. वाचणाऱ्यालाच कंटाळा आला, तर तें परत ठेवावें. मुलाला नेऊन दिल्यावर पहिलीं चार-पांच पानें आपण वाचावींत आणि ऐन रंगांत आलेल्या ठिकाणीं थांबावें. ही युक्ति क्वचितच फसते. वाचून झाल्यावर “यांतून काय बोध घेतलास?” हा प्रश्न मात्र कटाक्षानें टाळावा.

गांवांतील सार्वजनिक वाचनालयांची व्यवस्था १९६७ च्या महाराष्ट्र कायद्यानें बांधून दिली आहे, व अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणें त्यांना अनुदान मिळतें. परगांवीं राहणाऱ्या कुटुंबानें सुटींत तेथें जाऊन मुलांच्या पुस्तकांचें कपाट उघडें असतें कीं कुलूपबंद, एवढें तरी पाहावें. घरांत भ्रमणध्वनि असेल तर ‘बालभारती’नें १९७१ पासून चालविलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक, तसेंच ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वरील मराठी गोष्टी, फुकट वाचतां येतात, परंतु लहान पडद्यावर मूल गोष्टीवरून खेळावर केव्हां घसरतें हें कळत नाहीं, म्हणून तेथें मोठें माणूस जवळ हवें. लहान गांवांच्या दुकानांत पाठ्यपुस्तकें व परीक्षांचीं मार्गदर्शकेंच अधिक. तेव्हां वर सांगितलेल्यांपैकीं दोन-तीन पुस्तकें पुण्याहून किंवा लातूरहून निघतांनाच बरोबर घ्यावींत, नाहीं तर सुटीच्या आधीं महिनाभर टपालानें मागवून ठेवावींत.