मेटल फेस्टिव्हल आणि आपली मुलं



"आई, मित्रांबरोबर मेटल फेस्टिव्हलला जाऊ का?" हा प्रश्न उन्हाळा आला की आपल्या हॅमिल्टनमधल्या काही घरांत हमखास येतो. घरात नाट्यगीतं आणि गीतरामायण ऐकत वाढलेले आपण! काळे टी-शर्ट, लांब केस आणि त्या किंकाळ्या आठवल्या की तोंडून पटकन "नाही" निघतं. आमच्याकडेही तेच झालं. मुलगा "बरं" म्हणाला, पण त्यानंतर कुठे जातो ते सांगणंच त्याने बंद केलं. ते मला जास्त लागलं. म्हणून जुलै २०११ मध्ये टोरांटोच्या डाऊन्सव्ह्यू पार्कवर 'हेवी टीओ' झालं, तेव्हा त्याला आणि त्याच्या तीन मित्रांना मीच घेऊन गेले. मेगाडेथ, स्लेअर ही नावं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकली. तेव्हा आणि नंतर जे कळलं ते सांगते.

हे संगीत आलं कुठून? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून. तेही आपल्या हॅमिल्टनसारखंच कारखान्यांचं गाव. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुढे तारा सैल लावायला सुरुवात केली. तारा सैल झाल्या की स्वर खाली येतो. मेटलचा तो जड, खर्जातला आवाज घडण्यात याचा मोठा वाटा आहे. त्यांचा पहिला आल्बम १९७० चा. स्टेल्को आणि डोफॅस्कोच्या गावात राहणाऱ्यांना ही गोष्ट परकी वाटू नये.

दोन बोटं शिंगांसारखी वर करतात ती खूण पाहून मी घाबरले होते. ती लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओने. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटं करायची. म्हणजे आपल्या मीठ-मोहऱ्यांचीच बहीण!

आणि हे वेड फक्त इथल्या मुलांचं नाही. मुंबईत रंगभवनला १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' भरायचं. फेब्रुवारी २००८ मध्ये आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले. आपलेच भाचे-पुतणे तिथे असतील!

आता खऱ्या काळजीच्या गोष्टी.

कान: सर्वात मोठा धोका हाच. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असं मानतात, पण दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं, आणि स्टेजजवळ आवाज सहज तेवढा असतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. ते बोटांत पिळून बारीक करायचे, कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते टेकवले तर काही उपयोग नाही.

धक्काबुक्की: स्टेजसमोर मुलं गोल करून एकमेकांवर आदळतात. ते भांडण नव्हे. कोणी पडला की त्याला आधी उचलायचं, हा तिथला अलिखित नियम. मी तो पाळलेला पाहिला. तरी मुका मार लागतोच. नको असेल तर मागे, कडेला उभं राहावं. चष्मा सांभाळावा.

ऊन आणि पाणी: मैदानात सावली कमी. टोपी, सनस्क्रीन आणि घोट घोट पाणी. बाटली आत नेता येते का, हे आधी बघावं.

दारू: ऑन्टॅरिओत वयाची अट १९, क्वेबेकमध्ये १८. माँट्रियलच्या फेस्टिव्हलला पोरं गेली तर हा फरक लक्षात ठेवावा. शिवाय तो प्रवास सुमारे ६०० किलोमीटरचा, तेव्हा रात्री गाडी हाकत परत येऊ नये.

परत येणं: टोरांटोहून शेवटची गो ट्रेन किंवा बस कितीची, हे आधीच लिहून घ्यावं. गर्दीत फोन लागतोच असं नाही, म्हणून भेटायची जागा सकाळीच ठरवावी. जोडीने गेलेल्यांनी जोडीनेच परतावं.

त्या रात्री गाडीत चौघांचे घसे बसले होते. मागच्या सीटवर थालीपिठांचा डबा फिरत होता, आणि मुलगा कुठलं गाणं का आवडलं ते न विचारता सांगत होता. मला संगीत आवडलं का? खरं सांगू, नाही! पण त्यानंतर "कुठे चाललास?" असं विचारावं लागलं नाही.

यंदा तुमच्या घरी हा प्रश्न आला तर "नाही" म्हणण्याआधी "कोण वाजवणार आहे?" एवढं विचारून बघा. आणि बोळ्यांची दोन पाकिटं घ्या. एक तुमच्यासाठी!