‘कोपर वर!’ ओरडण्याआधी जरा थांबा

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या ग्राउंडवर ज्युनिअर्सना सॉफ्टबॉल शिकवायला तुमच्यापैकी काही जण जात असतील. मग हा सीन ओळखीचा असेल. टीवर ठेवलेला बॉल सपासप मारणारी दहा वर्षांची मुलगी पिचरसमोर उभी राहते आणि हवेतच बॅट फिरवते. की आपण सुरू! ‘कोपर वर! गुडघे वाकव! कंबर फिरव! डोकं हलवू नको!’ पुढचा बॉल येतो तेव्हा तिचं लक्ष बॉलकडे नसतंच, स्वतःच्या कोपराकडे असतं.

गेल्या वर्षी मीही हेच केलं. तिसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, ‘ताई, मला फिल्डिंगच द्या ना.’ चौथ्या दिवशी ती आलीच नाही. नंतर फोनमधला तिचा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, तर स्विंग मुळात वाईट नव्हताच. ती फक्त उशिरा सुरू करत होती. उशीर झाला की घाई होते, घाईत हात खाली पडतात, शरीर पुढे झुकतं. बघणाऱ्याला वाटतं टेक्निक गंडलंय. खरं तर गंडलेलं असतं टायमिंग.

जरा गणित करू. महिलांच्या फास्टपिचमध्ये पिचर उभी राहते 43 फुटांवर. ताशी 96 किलोमीटर वेगाचा बॉल तेवढं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. शिवाय पिचर पाऊल पुढे टाकून बॉल सोडते, म्हणजे वेळ आणखी कमी. त्यातला पाव सेकंदाच्या आसपासचा भाग बॅट फिरवण्यातच जातो. ‘कोपर कुठंय?’ हा विचार करायला जागा कुठे आहे सांगा!

टेक्निक परफेक्ट असूनही टायमिंग नसेल तर काय होतं, हे 2004 मध्ये अमेरिकेत सगळ्यांनी पाहिलं. सॉफ्टबॉलच्या एका प्रदर्शनीय सामन्यात जेनी फिंच पिचिंगला आली आणि तिने अल्बर्ट पुहोल्स, माइक पियाझा आणि ब्रायन जाइल्स या बेसबॉलमधल्या दिग्गजांना स्ट्राइकआउट केलं. यातल्या पुहोल्सने पुढे कारकिर्दीत 703 होमरन ठोकले! त्याच्या कोपरात दोष काढणार कोण? पण हजारो बॉल पाहून त्याचे डोळे तयार झाले होते ते खांद्यावरून येणाऱ्या बॉलसाठी. कमरेजवळून सुटणारा, वर चढल्यासारखा वाटणारा बॉल त्यांनी वाचलाच नव्हता.

म्हणजे टेक्निक फालतू आहे का? अजिबात नाही. ज्याची बॅट मोठा वळसा घालून येते त्याला लवकर सुरुवात करावी लागते, म्हणजेच अंदाजावर मारावं लागतं. स्विंग आटोपशीर असेल तर बॉल बघायला थोडा जास्त वेळ मिळतो. पण तो स्विंग टीवर घडवा ना. बॉल तिथे मुकाट उभा असतो, तेव्हा काय ते कोपर-गुडघे करा. पिचर समोर आली की मात्र गप्प बसा. (मला हेच सगळ्यात अवघड जातं.)

मग टायमिंग शिकवायचं कसं? पिचरचा हात वर गेला की वजन मागच्या पायावर, हात खाली येताना पुढचा पाय जमिनीवर. पिचरच्या तालावर हिटरचा ताल, बस. पिचर सराव करत असेल तेव्हा मुलांना हेल्मेट घालून नुसतं बॅटिंग बॉक्समध्ये उभं करा. मारायचं नाही, फक्त बघायचं. दुसरं, मनात ‘मारायचा, मारायचा, मारायचा’ म्हणत राहायचं आणि बॉल वाईट दिसला तरच ‘नाही’. उलटं केलं, म्हणजे आधी विचार आणि मग ‘हो’, की उशीर ठरलेलाच.

आणि फाउल गेला म्हणून चिडू नका, तो तर रिपोर्ट कार्ड आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीचे फाउल सतत फर्स्ट बेसच्या बाजूला जात असतील तर ती उशिरा मारतेय, थर्ड बेसकडे जात असतील तर घाई करतेय. एवढंच तिला सांगा, ‘थोडं आधी’ किंवा ‘थोडं थांब’. दोन शब्द पुरतात.

आपल्याकडच्या विटीदांडूत कोणी कोपर शिकवलं होतं? विटी उडाली की टोला. चुकला की पुन्हा. डोळा आणि हात आपोआप जुळत गेले.

यंदाचं शिबिर पुढच्या सोमवारपासून आहे. त्या मुलीच्या आईकडे मी निरोप ठेवलाय, ‘तिला पाठवा, पहिले दोन दिवस मी काहीच बोलणार नाही.’ अजून उत्तर आलेलं नाही.