फाल्गुनांतील पाहुणे

थंडी सरून उन्हें तापूं लागलीं म्हणजे तळ्याकांठीं पाहण्यासारखें कांहीं उरत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमच्या मतें मात्र फाल्गुनाचा प्रारंभ हा पाणपक्षी पाहण्यास उत्तम काळ होय. कारण या दिवसांत हिंवाळी पाहुणे परतीच्या प्रवासाची तयारी करीत असतात.

निफाड तालुक्यांतील नांदूर मध्यमेश्वराचें उदाहरण घेऊं. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा घातल्यामुळें तेथें विस्तीर्ण व उथळ जलाशय झाला आहे. १९८६ सालीं तेथें अभयारण्य झालें. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं राष्ट्रांराष्ट्रांत जो करार झाला, त्याच्या यादींत महाराष्ट्रांतून प्रथम याच स्थळाचें नांव २०२० सालीं आलें.

पाणी ओसरूं लागलें कीं कांठचा चिखल उघडा पडतो, आणि त्यांतील किडे, गोगलगाई, बिया व कंद पक्ष्यांस सुलभ होतात. दिवस मोठा होत जातो, तसतसे त्यांच्या शरीरांतहि फेरफार होतात. भूक वाढते व अंगीं चरबी सांठते. ही चरबी म्हणजे त्यांची प्रवासाची शिदोरीच. पट्टकादंब नांवाच्या हंसास ती फार लागते. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे पट्टे असतात. तिबेट, लडाख व मंगोलिया येथील सरोवरांकांठीं तो अंडीं घालतो आणि तेथें जातांना हिमालय ओलांडतो. सुमारें ७,००० मीटर उंचीवरून तो उडाल्याची नोंद आहे. तेथील विरळ हवेंतूनहि प्राणवायु घेण्याची विशेष शक्ति त्याच्या रक्तांत असते.

विरळ पक्षी दिसल्याचा आनंद मोठा, तसा मोहहि मोठा. पूर्व भारतांतील दलदलींत एके काळीं गुलाबी डोक्याचें बदक असे. शिकारीमुळें व दलदली नाहींशा झाल्यामुळें तें कमी होत गेलें, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तें खात्रीनें कोणाच्या दृष्टीस पडलेलें नाहीं. तें दिसल्याच्या वार्ता मधून मधून येतात. पण मोठी लालसरी पाहूनहि असा भ्रम होतो. लालसरीच्या नराचें डोकें तांबूस असलें तरी कुशी पांढऱ्या असतात. गुलाबी डोक्याच्या बदकाचें अंग गडद तपकिरी होतें.

म्हणून विद्यार्थ्यांनीं एक वही ठेवावी. दिवस, वेळ, स्थळ, संख्या व प्रत्यक्ष दिसलेलीं लक्षणें तींत लिहावीं. ओळख न पटल्यास तसेंच लिहावें. नेहमींच्या पक्ष्यांचीहि नोंद करावी, कारण आज सामान्य असलेला पक्षी उद्यां विरळ होऊं शकतो. पालकांनीं एखाद्या सुटीच्या दिवशीं पहांटे मुलांस तळ्याकांठीं न्यावें. मात्र दुरूनच व निःशब्दपणें पाहावें. पाखरांस वारंवार उडवून लावलें, तर कष्टानें जमविलेली शिदोरी वाटेस लागण्यापूर्वींच सरूं लागते. ईश्वराच्या सृष्टींतील या पाहुण्यांस सुखरूप निरोप देणें, हें यजमान या नात्यानें आपलें कर्तव्य आहे.