अलास्काची पहिली क्रूझ: बाल्कनीची खोली नंतर ठरवा, आधी बंदरातले तास मोजा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला आणि आई-बाबा उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे, हे चित्र आता पुण्या-मुंबईच्या प्रत्येक सोसायटीत दिसतं. न्यूयॉर्क बघून होतं, नायगरा होतो, मग फॅमिली ग्रुपवर कुणीतरी अलास्का क्रूझची लिंक टाकतं. सात रात्री, खाणं-पिणं धरून. बाल्कनीची खोली घ्यायची की बिनखिडकीची, यावर आठवडाभर चर्चा रंगते आणि पैसे भरले जातात. त्यानंतर कुणाच्या तरी लक्षात येतं की जहाज शेवटच्या संध्याकाळी कॅनडात थांबतंय आणि आई-बाबांकडे कॅनडाचा व्हिसाच नाही.

आता प्रश्न असा की जहाज अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलहून निघतं, अमेरिकेच्याच अलास्कात जातं आणि परत सिअ‍ॅटललाच येतं. मग मध्येच कॅनडा कशाला?

याचं उत्तर 1886 सालच्या एका अमेरिकन कायद्यात आहे. पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट असं त्याचं नाव. परदेशात नोंदणी असलेल्या जहाजाने अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी वाहतूक करायची नाही, असं हा कायदा सांगतो. अलास्काला जाणारी मोठी जहाजं बहुतेक बहामा, बर्म्युडा, पनामा, नेदरलँड्स अशा ठिकाणी नोंदलेली असतात. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतायचं असेल, तर त्यांना वाटेत एका तरी परदेशी बंदराला शिवावंच लागतं. जवळचं परदेशी बंदर म्हणजे कॅनडातलं व्हिक्टोरिया. करोनाच्या काळात कॅनडाने मोठ्या क्रूझ जहाजांना बंदी घातली, तेव्हा अलास्काचा अख्खा सीझन अडकला होता. शेवटी मे 2021 मध्ये अमेरिकेला त्यासाठी तात्पुरता वेगळा कायदा करावा लागला.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा आणि त्यासोबत कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा, दोन्ही हवेत. मुलाकडे ग्रीन कार्ड असेल तर पासपोर्ट आणि कार्डावर त्याचं काम होतं. एच-1बी वर असेल तर त्यालाही कॅनडाचा व्हिसा लागतो. "आम्ही व्हिक्टोरियाला खाली उतरणारच नाही" असं म्हणून सुटका होत नाही, कारण कंपन्या कागदपत्रं निघतानाच तपासतात आणि व्हिसा नसेल तर जहाजावर चढू देत नाहीत. अशा वेळी पैसे परत मिळण्याची आशा फारशी ठेवू नये.

एवढं जमलं की मग जहाज निवडायचं. इथे बहुतेक लोक भाडं, मजले आणि स्विमिंग पूल बघतात. बघायचं असतं वेळापत्रक. प्रत्येक बंदरात जहाज किती वाजता लागतं आणि किती वाजता सुटतं, हे बुकिंगच्या आधीच दिलेलं असतं. सात रात्रींच्या ट्रिपमध्ये जमिनीवर पाय ठेवायला मिळतो तो तीन-चार दिवस, तोही काही तासच. बरीच जहाजं व्हिक्टोरियाला रात्री आठच्या सुमारास पोचतात आणि मध्यरात्री निघतात. कागदावर ते एक बंदर धरलं जातं, प्रत्यक्षात हाती येतो अंधारातला फेरफटका.

मार्गाचाही फरक पडतो. सिअ‍ॅटलहून निघणारी जहाजं बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या समुद्रातून जातात. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं बेटांच्या आडून, तुलनेने शांत पाण्यातून. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. तुमच्या जहाजाच्या यादीत ते नाव असेल तर उत्तमच, फक्त तिथे कुणी खाली उतरत नाही. पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती देतात आणि हिमनदी डेकवरून बघायची असते.

मग कुठल्या बंदरात काय करायचं?

जुनो ही अलास्काची राजधानी. बंदरापासून साधारण 20 किलोमीटरवर मेंडेनहॉल ग्लेशियर आहे आणि जवळच्या ऑक बेमधून व्हेल बघायच्या बोटी सुटतात. हिवाळ्यात हवाईकडे गेलेले हंपबॅक व्हेल उन्हाळ्यात खायला इकडे येतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एकाच गोष्टीवर खर्च करायचा ठरवला, तर ती जुनोची व्हेल बोट असावी. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते, आतमध्ये बसायची ऊबदार जागा असते. ग्लेशियरला मात्र गर्दीचा हिशेब आहे. 2024 पासून जुनोत दिवसाला पाचच मोठी जहाजं येतील असा नियम झाला, तरी पाच जहाजं म्हणजे हजारो माणसं, आणि ग्लेशियरकडे पर्यटक नेण्याचे परवाने मर्यादित. सिटी बस स्वस्त आहे, पण ती सुमारे अडीच किलोमीटर अलीकडे सोडते. पुढे चालत. तरुणांना ठीक, आजीला नाही.

हेलिकॉप्टरने थेट हिमनदीवर उतरून कुत्र्यांच्या गाडीत बसणं, हा रील्सवर सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. माणशी खर्च सहज पाचशे डॉलरच्या पुढे जातो. वजन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर जादा पैसे पडतात. आणि ढग खाली आले की फेरी रद्द होते. पैसे परत मिळतात, दिवस परत मिळत नाही. त्यामुळे हे ठरवताना त्याच बंदरातला दुसरा बेतही हाताशी हवा.

स्कॅगवे हे जेमतेम बाराशे वस्तीचं गाव. क्लोंडाइकच्या सोन्याच्या मागे धावणाऱ्यांसाठी 1898 ते 1900 मध्ये इथून व्हाइट पासची रेल्वे बांधली गेली. माथेरानच्या गाडीसारखीच नॅरोगेज, फक्त माथेरानचे रूळ दोन फुटी, हे तीन फुटी. सुमारे 32 किलोमीटरमध्ये गाडी समुद्रसपाटीपासून 870 मीटरवर चढते. ज्यांना चालणं नको त्यांच्यासाठी अलास्कात याहून सोपी सहल नाही, कारण खिडकीत बसूनच सगळं दिसतं. बुक करताना एकच बघायचं: गाडी खिंडीपर्यंत जाऊन तशीच परत येते, की पुढे कॅनडाच्या युकॉनमध्ये उतरवते? युकॉनची सहल असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा खिशात लागतो. तो जहाजाच्या तिजोरीत राहिला तर सहल गेली.

केचिकनबद्दल थोडक्यात. इथे वर्षाला सुमारे 3,800 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या दीडपटीहून जास्त. छत्री वाऱ्यात टिकत नाही, चांगलं रेनकोट जॅकेट न्यावं. टोटेम पोल आणि जुन्या वस्तीची क्रीक स्ट्रीट पायी बघून होते. अस्वलं बघायची असतील तर जुलै ते सप्टेंबर, कारण तेव्हा नदीत सॅमन मासा चढतो. कोरडं हवामान हवं असेल तर मे-जून बरा.

सहल जहाजाकडून घ्यायची की बाहेरून?

बाहेरची बहुतेक वेळा स्वस्त पडते, ग्रुपही छोटा असतो. पण जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. बाहेरच्या बोटीला उशीर झाला तर ते तुमचं तुम्ही. गावात फिरणं, रोपवे, बंदरालगतची व्हाइट पासची गाडी, हे बाहेरून घ्यायला हरकत नाही. दूर जाणारी, पाण्यावरची किंवा हवामानावर अवलंबून असलेली सहल, विशेषतः जहाज सुटायच्या दोन-तीन तास आधी संपणारी, जहाजाकडूनच घेतलेली बरी.

जहाज चुकलंच, तर जुनोहून पुढचं बंदर गाठायला टॅक्सी मिळत नाही, कारण राज्याच्या राजधानीला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. विमान किंवा फेरी बोट, दोनच पर्याय. शिवाय अलास्काचं घड्याळ सिअ‍ॅटलपेक्षा एक तास मागे असतं. जहाज बहुतेकदा आपली वेळ बदलतं, मोबाइल कधी बदलतो, कधी नाही. पायऱ्या उतरताना फलकावर लिहिलेली परतीची वेळ असते, सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची. तिचा फोटो काढून घ्यावा आणि फॅमिली ग्रुपवर टाकावा.