माती हातापर्यंत आणू या

गुडघ्यांनी दगा दिला की डॉक्टर बजावतात : उकिडवं बसू नका, वजन उचलू नका. घरची मंडळी त्यातून परस्पर निष्कर्ष काढतात की आता बागकाम संपलं. ज्यांना निवृत्तीनंतर नव्यानं सुरुवात करायची होती, ते तर मनातली हौस मनातच ठेवतात. मला हे पटत नाही. आपल्याला खाली जाता येत नसेल, तर माती वर आणता येते. आपल्याकडचं तुळशीवृंदावन बघा. पाणी घालायला किंवा मंजिऱ्या खुडायला तिथे फारसं वाकावंच लागत नाही.

उभ्यानं काम करायचं तर वाफ्याचा काठ साधारण तीन फुटांवर हवा. खुर्चीत किंवा चाकाच्या खुर्चीत बसून करायचं तर अडीच फुटांच्या आसपास, आणि खाली गुडघे जातील एवढी मोकळी जागा. एकाच बाजूनं हात पोचणार असेल तर रुंदी दोन फुटांपलीकडे नको. मेथी, पालक, कोथिंबिरीला सहा ते आठ इंच माती पुरते. टोमॅटो, वांगी, मिरचीला फूटभर तरी लागते. असा लोखंडी स्टँड गल्लीतला वेल्डरही करून देतो. मात्र माप घरातल्या तरुणाचं न देता, जे रोज काम करणार आहेत त्यांना खुर्चीत बसवून घ्या.

खरी अडचण वजनाची. ओली माती लिटरमागे पावणेदोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे पंधरा लिटरची कुंडी पंचवीस किलोंवर जाते. मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीत उसाची चिपाडं वापरून माती कितीतरी कमी केली होती. रसवंतीवाल्याकडे फुकट मिळणारी चिपाडं, सुका पालापाचोळा, कोकोपीट आणि गांडूळखत यांनी कुंडी बरीच हलकी होते. तरी गच्चीवर किंवा गॅलरीत बरेच वाफे मांडण्याआधी इमारतीच्या जाणकार इंजिनिअरला विचाराच.

दहा लिटरची झारी म्हणजे दहा किलो. त्याऐवजी दोन लिटरचा डबा, नाहीतर नळाला हलका पाइप. बोटांचे सांधे दुखत असतील तर खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करा; घट्ट आवळावं लागत नाही. पक्षाघातानंतर एकाच हातात जोर उरला असेल, तर छोट्या कुंडीखाली ओलं फडकं घाला. ती सरकत नाही. बारीक बी चिमटीत येत नसेल तर कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरवा.

सावधगिरीबद्दल मी आग्रही आहे. मधुमेह असेल तर बागेत अनवाणी जाऊ नका. पाय बधिर असतील तर काटा रुतलेला कळतही नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर गुलाबाला हातमोज्यांशिवाय हात लावू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी वाकून झटकन उठताना चक्कर येते. खत कालवण्याआधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. आणि पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या गच्चीवर पाऊल नको, मोगरा कितीही फुललेला असो.

सुरुवातीला मेथी लावा. स्वयंपाकघरातलेच दाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत कोंब वर येतात आणि महिन्याभरात जुडी होते. नवशिक्याला लवकर यश मिळणं फार गरजेचं असतं. धने मात्र रगडून, दोन फाकी करून पेरायचे. पुदिना आणि पानओवा काडीवरून लागतात. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. जाणं जमलं तर शेवंती, गुलाब बघून पुढची आखणी करता येते.

मुलांना, सुनांना, जावयांना एक विनंती : आईबाबांची दगदग वाचावी म्हणून झाडांना पाणी तुम्ही घालू नका. तेवढ्या वेळात त्यांच्या कुंड्या हाताशी येतील अशा उंचीवर मांडून द्या. दिवाळीनंतरची थंडी पालेभाज्यांना उत्तम मानवते, त्यामुळे हे काम दिवाळीच्या सुट्टीतच उरका.